बाहीतली खरपुडी

राजपुत्राच्या चुलीवर ठेवायची बाई कमी बोलणारी हवी, एवढ्या एका गुणावर निमांगीची निवड झाली. निवडीच्या दिवशी नेमकी तिची दाढ सुजली होती. गालात लवंग धरून ती रांगेत उभी राहिली आणि जे विचारतील त्याला नुसती मान हलवत राहिली. तपासायला आलेल्या म्हाताऱ्या खोज्याने तिच्याकडे बोट केलं. "ही घ्या. हिच्या तोंडून आतली गोष्ट बाहेर जायची नाही."

बीजिंगच्या उत्तरेला आम्हा झेंडेवाल्या, म्हणजे बादशहाच्या झेंड्यांखाली चाकरी करणाऱ्या, मांचूंच्या गल्ल्या होत्या, त्यातल्या एका गल्लीत निमांगीचं घर. नवरा तेकशिन पिवळ्या झेंड्याखालचा साधा शिपाई. बायको मुकी म्हणून राजवाड्यात लागली हे ऐकून तो ओट्यावर बसल्या बसल्या हसून कलंडला.

"घरी माझं डोकं खाऊन संपवलंस आणि तिथं मुकी म्हणून नाव लागलं? आता ती दाढ बरी होऊ देऊ नकोस बाई."

"हसा. चार दिवस स्वतःची पेज स्वतः ढवळलीत की दात आपोआप झाकतील."

सहा वर्षांच्या मुलाला, फुसेंबूला, तिने सासूच्या मांडीवर बसवलं, गाठोडं उचललं आणि गेली.

तिच्याकडे जो राजपुत्र आला तो पट्टराणीचा मुलगा. नुकताच अंगावरच्या दुधावरून तुटलेला, गोल डोक्याचा आणि कानाच्या पाळ्या जाड असलेला. जाड पाळ्या म्हणजे दीर्घायुष्य, असं सगळ्या बाया एकमेकींना सांगत. त्या एका जिवाभोवती बायांची फौज होती. कुणी शिवणारी, कुणी धुणारी, कुणी नुसते दिवे लावणारी. या सगळ्यांवर उल्हू अक्का. ती उंच, हाडकुळी, आणि नाक असं की हिवाळ्यात आधी नाक यायचं आणि मागून अक्का. राजपुत्राला पहिलं दूध तिनेच पाजलेलं, त्यामुळे तिचा शब्द शेवटचा.

निमांगीचं काम सोपं होतं आणि म्हणूनच अवघड होतं. राजपुत्राच्या खोलीमागे एक लहानशी चूल. तिच्यावर दूध तापवायचं, राळ्याची पेज शिजवायची आणि नेमून दिलेलं तेवढंच वाढायचं. पोराचं पोट गच्च भरू द्यायचं नाही, हा वाड्याचा नेम. भरलं पोट म्हणजे सुस्त अंग, आणि सुस्त अंगाने कुणी घोड्यावर बसत नाही. अंगात कणकण दिसली तर चूलच विझवायची, म्हणजे ताप उपाशी मरतो. यात दुष्टावा नव्हता. बादशहा स्वतः असेच वाढले होते, त्यांचे वडीलही, आणि सगळे चांगले धडधाकट निघाले होते. जे निघाले नाहीत त्यांचं नाव कोण काढतो?

पोराला मात्र भूक लागायची. पाच वर्षांचा झाला तसा तो उंबरठा ओलांडून चुलीपाशी येऊन उभा राहू लागला. निमांगी पातेल्याच्या बुडाशी लागलेली खरपुडी खरवडून तोंडात टाकत होती. तो बराच वेळ बघत राहिला.

"निमांगी, ते काळं काय आहे?"

"काही नाही बाळराजे. पातेल्याचं बूड आहे."

"मग तू बूड का खातेस?"

"माझे दात रिकामे राहिले की दुखतात."

त्याने यावर विचार केला. मग गाल धरला. "माझे पण दुखायला लागले."

तिने एक तुकडा मोडून दिला. तो उभ्या उभ्या कुरूम कुरूम खात असतानाच दारात उल्हू अक्काचं नाक उगवलं.

"बादशहाच्या पोराला बूड चारतेस? उद्या तबेल्यात नेऊन घोड्याचे चणे चार."

अक्का पुढे आली, पातेल्यातला एक तुकडा उचलला, दाताखाली फोडला आणि चावत चावत म्हणाली, "जळलंय." मग पाठ फिरवून ती गाद्या मोजायला गेली. त्यानंतर पोरगं चुलीकडे निघालं की अक्काला हटकून गाद्या आठवायच्या. इतक्या गाद्या त्या खोलीत नव्हत्याच. दोघींमध्ये या विषयावर एक शब्द झाला नाही, आणि तो व्हावा असं दोघींना वाटलंही नाही. मोठ्या घरात पुष्कळशी कामं पाठ फिरवूनच होतात.

सहाव्या वर्षी त्याचं शिक्षण सुरू झालं. पहाटे अभ्यास, दुपारी तिरंदाजी. धनुष्याची दोरी ओढायची जाड दगडी अंगठी त्याला आजोबांकडून मिळाली होती. ती त्याच्या अंगठ्यात इतकी सैल की आत चिंधी गुंडाळावी लागे. अंगठीची एक शिंगाची डबी होती, कंबरेला लटकवायची. बाण निशाणावर बसला त्या दिवशी तो चुलीपाशी येऊन ती डबी उघडून पुढे करायचा. निमांगी त्यात खरपुडी भरायची.

"आणि अंगठी कुठे ठेवली बाळराजे?"

"बोटात. तिथं ती जास्त शोभते."

"आणि बाण लागला नाही तर?"

"तेव्हाही चालेल. गुरुजी डबी तपासत नाहीत."

त्याचं नाव मोठ्या दालनातल्या पाटीमागच्या पेटीत आहे, असं सगळे धरून चालले होते. बादशहा आपल्यामागे गादीवर कोण बसणार ते लिहून त्या पेटीत ठेवत आणि जिवंतपणी कुणाला सांगत नसत. सांगायची गरजही नव्हती. त्याच्यापुढे खोजे जरा जास्त वाकत, गुरुजी छडी जरा हळू मारत, आणि राजवैद्य बिनकामाचे दोनदा डोकावून जात. निमांगीला आधी याचं कौतुक वाटलं. मग तिच्या ध्यानात एक गोष्ट आली. पलीकडच्या चौकात धाकट्या राणीचा मुलगा होता. त्याच्या बाया त्याला बाहीतून उंडे आणून चारत. चिकट पिठाचे, आत लाल चवळीचं पुरण घातलेले. तो तापाने पडला आणि चूल विझली तरी कुणी ना कुणी काही ना काही त्याच्या तोंडात घालायचंच. त्या पोराचं काही झालं तर एखादी बाई हाकलली गेली असती, इतकंच. आपल्या पोराचं काही झालं तर काय होईल, हे कुणी मोठ्याने बोलायलाही तयार नव्हतं. गादीचा धनी म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा डोळा, आणि डोळा असल्यामुळे सगळ्यांचे हात बांधलेले.

तो नऊ वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात वाऱ्याचा जोर फार होता. तिरंदाजीहून आला तो शिंकत आला. संध्याकाळी अंग तापलं. राजवैद्यांनी नाडी धरली, जीभ बघितली आणि सांगितलं, "पोट रिकामं ठेवा." खोज्याने येऊन निमांगीच्या देखत निखाऱ्यांवर पाणी ओतलं. चूल चरचरली, वाफ झाली आणि गप्प झाली.

आधीही असं झालं होतं आणि तो उठून बसला होता. त्यामुळे सुरुवातीला कुणी घाबरलं नाही. त्यालाही गंमत वाटत होती.

"निमांगी, तुझी चूल पण आजारी पडली का?"

"हो बाळराजे. तिलाही उपास सांगितलाय."

"तिची जीभ बघितली का कुणी?"

पण या वेळी उपास लांबला. कडू काढा आणि कोमट पाणी, पुन्हा कडू काढा आणि कोमट पाणी. ताप उतरला तरी वैद्य म्हणाले, जिभेवरचा पांढरा थर जाऊ द्या. गालाची हाडं वर आली. त्या जाड कानाच्या पाळ्या आता चेहऱ्याला मोठ्या दिसू लागल्या. तो खेळायचं म्हणत नसे, गोष्ट सांग म्हणत नसे, नुसता दाराकडे बघत राही, जिकडे चूल होती.

निमांगी थंड चुलीपाशी बसून राख सारखी करत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अक्का, भूक लागलीय म्हणतात. भूक म्हणजे चांगलं लक्षण ना? माझा फुसेंबू तापातून उठला की आधी खायला मागायचा."

"लक्षणं वैद्यांनी बघायची," अक्का म्हणाली. "तू राख बघ."

"राख बघून झाली."

"मग परत बघ."

दुसऱ्या दिवशी नोकरांच्या भटारखान्यात राळ्याचं मोठं पातेलं उतरलं, तेव्हा निमांगीने त्याच्या बुडाची एक मोठी, तांबूस, मधोमध जाड अशी खरपुडी काढली आणि रुमालात गुंडाळून बाहीत घातली. का घातली, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिने दात दुखतात म्हणून सांगितलं असतं.

दुपारी बाकीच्या बाया जेवायला गेल्या होत्या. वैद्य येऊन गेले होते. राजपुत्राच्या झोपायच्या, खालून तापवलेल्या ओट्याशेजारी स्टुलावर उल्हू अक्का एकटी बसली होती. निमांगी आत आली तशी अक्काने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या बाहीकडे, मग परत तिच्याकडे.

"किती दिवस डोळ्याला डोळा नाही," अक्का म्हणाली. "जरा टेकते. तू बस यांच्यापाशी." आणि तिने भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले.

पोरगं जागं होतं. थोड्या वेळाने बारीक आवाजात म्हणालं, "तुझ्या बाहीला वास येतोय."

"कसला वास बाळराजे?"

"बुडाचा."

निमांगीने बाहीत हात घातला. रुमाल अजून कोमट होता. तिने अक्काच्या तोंडाकडे बघितलं. अक्काचा श्वास संथ होता. अक्का जागी असती, तिने भुवई जरी हलवली असती, तरी निमांगीने तुकडा काढला असता. झोपलेल्या माणसाला काय विचारणार? मग मोठ्या दालनातली ती नावाची पेटी तिच्या डोळ्यांपुढे आली. खाल्लं आणि ताप परत चढला तर? वैद्य पोट दाबून बघतील. राळ्याची कणी निघेल. तेकशिनला गल्लीतून ओढत नेतील, फुसेंबूला कुठल्या तरी सीमेवर पाठवतील, आणि गादीचा धनी एका चूलबाईने मारला असं लोक सांगत बसतील. आणि एवढं करून उद्या वैद्य जेवायला परवानगी देणारच असले, तर?

"उद्या देईन," ती म्हणाली.

"उद्या नक्की?"

"उद्या वैद्य हो म्हणतील. मग गरम गरम देते."

तो चांगल्या घरचा मुलगा होता, मागून हट्ट करायचा नाही हे त्याला शिकवलेलं होतं. त्याने मान हलवली. "ही मोडू नकोस मग. मोठा तुकडा तसाच राहू दे."

निमांगीने हात बाहीतून बाहेर घेतला. तेवढ्यात बाकीच्या बाया आल्या आणि अक्काने डोळे उघडले. तिने बाहीकडे बघितलं नाही. ती उठून गेली आणि उगाच एका बाईवर पाण्यावरून खेकसली.

सकाळी पोराचं अंग पुन्हा तापलं आणि हात गार पडले. वैद्य धावत आले, मग दुसरे वैद्य आले, मग स्वतः बादशहा आले, आणि दुपारच्या आत सगळं संपलं. त्याच्या वस्तू गोळा करताना अक्काने ती शिंगाची डबी उघडली. आत कणही नव्हता. ओल्या बोटाने पुसून घेतल्यासारखी ती आतून लख्ख होती. अक्काने ती मिटली आणि दुसऱ्या बाईच्या हातात दिली. निमांगीच्या बाहीत खरपुडी तशीच होती, अख्खी.

पेटी उघडली गेली. बादशहांनी सगळ्यांसमोर सांगितलं की नाव याचंच होतं, आणि त्याला युवराज म्हणून मान दिला. मेल्यावर.

दुसऱ्या दिवशी निमांगीची चूल पेटवायचा हुकूम आला. युवराजांच्या शवपेटीपुढे रोज जेवण मांडायचं होतं. तिला पांढरी वस्त्रं दिली, नवा कोळसा दिला, दूध, मध, तूप, तीळ, मागेल ते दिलं. तिने पेज शिजवली, मधातले तळलेले तुकडे रचले, पुरणाचे उंडे वाफवले. आता कुणी पाऊण पोटाचं माप धरून उभं नव्हतं. उलट खोजा येऊन सांगे, "ताट कमी दिसतंय. आणखी रचा." शवपेटीपुढे खाण्याचे मनोरे उभे राहिले, माणसाच्या छातीइतके. ते नेमाप्रमाणे नंतर उतरवून नोकरांत वाटत. सगळे खात, नाही म्हणणं अपमान झाला असता. निमांगी घास तोंडात धरून बसे आणि कोपऱ्यात जाऊन टाकून येई.

तिने एकदाच त्या ताटात खरपुडी ठेवायचा प्रयत्न केला. खोज्याने ती चिमटीत उचलली. "हे काय? युवराजांना बूड?" आणि लांब फेकली.

सुतक संपलं तशी तिला घरी पाठवलं, वर महिन्याचं धान्य लावून दिलं. तेकशिन दारात उभा होता. "आता दाढ बरी झाली असेल ना? बोल की काहीतरी."

ती बोलली नाही. पुढेही फारसं बोलली नाही. खोज्याने तेव्हा जे चुकून निवडलं होतं ते आता खरं झालं होतं. तेकशिनने बरीच वर्षं तिला चिडवून पाहिलं, मग तोही थकला. एकदा मात्र शेजारणीपाशी म्हणाला, "माझं डोकं खाणारी होती ती बरी होती हो."

ती घर चालवायची, नातवंडं सांभाळायची. पोरांना उद्या देते असं मात्र ती कधी म्हणाली नाही. असेल तर आत्ता, नसेल तर नाही. सून कुरकुरायची की आजीने पोरं डोक्यावर बसवली. तिच्याकडे कुणी आजारी पोर आलं तरी ती त्याच्या तोंडात काहीतरी घालायचीच. त्यातली काही उठली, एक नाही उठलं. म्हणजे खरपुडीने राजपुत्र वाचला असता, असं काही तिला खात्रीने सांगता आलं नसतं. ती सांगतही नव्हती. तो उपाशी गेला, एवढं तिला ठाऊक होतं.

उल्हू अक्का तीन गल्ल्या पलीकडे राहायची. देवळाच्या जत्रेत कधी समोरासमोर आल्या तर दोघी गुडघे वाकवून नमस्कार करायच्या, गुडघ्यांची चौकशी करायच्या आणि आपापल्या वाटेने जायच्या. तेकशिन गेला, केस पांढरे झाले, आणि एका हिवाळ्यात निरोप आला की अक्का अंथरुणाला खिळलीय, काही खात नाही.

निमांगी गेली. अक्काची सून दारातच रडकुंडीला आली होती. "आम्ही नाही हो उपाशी ठेवत. त्याच म्हणतात, अंग तापलंय, चूल विझवा. वाड्यातला नेम सांगतात आम्हाला."

आत ओट्यावर नुसतं नाक उरलं होतं.

"आलीस?" अक्का म्हणाली. "बाहीत काय आहे?"

निमांगीने रुमाल सोडला. खरपुडी तिने येतानाच गरम दुधात भिजवून घट्ट पिळून आणली होती, कारण अक्काला दात नव्हते. अक्काने एक घास घेतला आणि बराच वेळ हिरड्यांखाली घोळवला.

"जळलंय," ती म्हणाली. मग घास गिळून, "मी जागी होते त्या दिवशी."

निमांगीचा हात तसाच राहिला.

"तुला कळलं नाही? मी कधी दुपारी झोपायची का? इतकी वर्षं गाद्या मोजल्या मी तुझ्यासाठी. म्हटलं, आज गाद्या मोजायला उठले तर कुणी येईल. डोळेच मिटून घेते. म्हटलं, ही देईल."

"मी तुमच्या तोंडाकडे बघत होते अक्का," निमांगी म्हणाली. "तुम्ही जाग्या असता आणि मान हलवली असती, तर मी दिली असती."

"म्हणून तर मिटले. उघडे ठेवले असते तर मान हलवावी लागली असती." अक्काने तोंड भिंतीकडे केलं. "ते उद्या म्हणालीस ना, ते ऐकलं मी. तेव्हा तरी डोळे उघडायचे होते. नाही उघडले. मला बरंच वाटलं गं. म्हटलं, चला, उद्यावर गेलं."

बाहेर सून भांडी आपटत होती. निमांगीच्या मनात आलं, रागावावं. पण राग काढायला समोर जे होतं ते नुसतं नाक होतं, आणि त्याच्या टोकावरून पाणी गळत होतं. तिने रुमालाच्या कोपऱ्याने ते पुसलं आणि उरलेला घास भरवला.

"आणखी आहे?" अक्काने विचारलं.

"संपली."

"मग उद्या आणशील?"

निमांगी उठायला निघाली होती, ती थांबली. पायातले जोडे तिने सरळ केले. बाहेर अंधारून यायला वेळ होता, पण वाऱ्याने धूळ उठली होती आणि तीन गल्ल्या तिच्या गुडघ्यांना काही थोड्या नव्हत्या.

"उद्या नाही," ती म्हणाली. "आत्ता येते घेऊन. तोवर डोळे उघडे ठेवा."

आणि अक्काच्या सुनेला बाजूला सारून तिने आधी त्यांच्याच घरची थंड चूल पेटवायला घेतली.